दंडाभोवतीची पट्टी

ही पट्टी बघा. बोटभर रुंद आणि कागदासारखी पातळ. तिच्यावर तीन रंग आहेत: हिरवा, पिवळा, लाल. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळतात. घेर १२५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरला, तर खूण हिरव्यावर येते. ११५ च्या खाली उतरला, तर लाल. लाल म्हणजे अतितीव्र कुपोषण. अशा मुलाला साधे जुलाब लागले, तरी ते जिवावर बेततं.

तुमचा अंगठा आणि तर्जनी जुळवून कडं करा. ११५ मिलिमीटरचा दंड त्यातून सहज आत-बाहेर होईल.

२०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी माणसं भुकेली होती, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. आणि त्याच जगात, २०२२ या एका वर्षात, घरं, दुकानं आणि खानावळी मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. मग या मुलाच्या ताटात काहीच का नाही?

१९४३ चा बंगाल. २० ते ३० लाख माणसं मेली. पुढे अमर्त्य सेन यांनी धान्याचे आकडे तपासले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९४३ मध्ये बंगालात १९४१ पेक्षा जास्त धान्य होतं, आणि १९४१ मध्ये दुष्काळ नव्हता. युद्धामुळे तांदळाचे भाव भडकले, मजुरी मात्र जिथल्या तिथे राहिली. शेतमजूर, कोळी, न्हावी, कारागीर यांच्या हातातल्या पैशाला तांदूळ येईनासा झाला. तांदूळ बाजारात होता, आणि माणसं त्याच बाजाराच्या रस्त्यावर मरत होती.

आज अनेक ठिकाणी तर बाजारापर्यंतचा रस्ताच तोडला जातो. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटलं. एल फाशेर शहराला वेढा पडला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञांनी जाहीर केलं. उपासमारीचा शस्त्र म्हणून वापर करण्याचा सुरक्षा परिषदेने २०१८ मध्येच एकमताने निषेध केला होता. ठराव झाला, वेढे पडतच राहिले. या दुष्काळाला नैसर्गिक आपत्ती म्हणणं हा मेलेल्यांवर अन्याय आहे.

जिथे युद्ध नाही, तिथे भूक हळूहळू घरात शिरते. आधी एक वेळचं जेवण सुटतं. मग किडूकमिडूक मोडलं जातं. मग दुभतं जनावर विकलं जातं, तेही पडत्या भावाने, कारण सगळं गावच विकायला उभं असतं. शेवटी बियाण्याला हात लागतो. बियाणं खाल्लं, की पुढच्या वर्षीची भूकही ठरून गेली. दंडाभोवतीची पट्टी लाल होते ती या सगळ्यानंतर. म्हणून मदत कधी पोहोचते, यावर सगळं अवलंबून आहे.

सोमालियात पाऊस फसणार, हे २०१० मध्येच सांगितलं गेलं होतं. दुष्काळ जाहीर झाला २० जुलै २०११ ला. सुमारे अडीच लाख माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची मुलं. पुष्कळ जण तर ही घोषणा होण्याआधीच गेले होते. २०१७ मध्ये पुन्हा पाऊस फसला. या वेळी मदत लवकर आली, आणि तिचा मोठा भाग रोख पैशाच्या रूपात थेट लोकांच्या मोबाइलवर आला. मृत्यू याही वेळी झाले, पण २०११ च्या मानाने खूप कमी.

काही उपाय इतके साधे आहेत, की ते सगळीकडे का पोहोचले नाहीत याचा राग येतो. चवळीला भुंगा लागतो, म्हणून शेतकरी सुगीतच मिळेल त्या भावाला ती विकतो आणि काही महिन्यांनी तेच धान्य महागात विकत घेतो. १९८० च्या दशकात कॅमेरूनमध्ये यावर एक तोड निघाली: प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या एकात एक घालून घट्ट बांधायच्या. आतला प्राणवायू संपतो, भुंगा मरतो. औषध नाही, फवारणी नाही.

आणि ज्या मुलांची पट्टी लाल झालीय, त्यांच्यासाठी शेंगदाण्याची पेस्ट आहे. ९२ ग्रॅमची पुडी, ५०० कॅलरी. शिजवायला नको, पाणी मिसळायला नको. मूल खात असेल आणि दुसरा गंभीर आजार नसेल, तर त्याला दवाखान्यात ठेवावं लागत नाही, घरीच बरं होतं.

पूर्वी ही पट्टी फक्त आरोग्यसेविकेकडे असायची. नायजरमध्ये ती मुलांच्या आयांना देऊन पाहिली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही रंग अचूक ओळखतात, हे दिसलं. सेविका येण्याची वाट बघायची गरज उरली नाही. आई मुलाला मांडीवर घेते, दंडाभोवती पट्टी गुंडाळते. खूण पिवळ्यावर आली, की मूल कडेवर घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्राची वाट धरते.