सहा बाटल्यांचे ओझे

[दृश्य: सियागंज, सकाळची वेळ. लोडिंग रिक्षातून पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे उतरवले जात आहेत.]

इंदूरच्या सियागंज या ठोक बाजारात सकाळची गर्दी वाढण्यापूर्वी पाण्याच्या बाटल्या उतरवण्याचे काम उरकलेले असते. एक लिटरच्या बारा बाटल्या पारदर्शक फिल्ममध्ये आवळून बांधलेल्या असतात, म्हणजे एकेका गठ्ठ्याचे वजन बारा किलोच्या थोडे वरच भरते. कृपया हमालाच्या हाताकडे नीट पाहावे. गठ्ठ्याला धरण्यासाठी मुद्दाम केलेली अशी कोणतीच जागा नाही. फिल्म आकसून बसल्यानंतर दोन्ही टोकांना एकेक लंबगोल भोक उरते आणि त्या भोकात चार बोटे अडकवून तो गठ्ठा उचलतो. फिल्मची कड बोटांच्या पेरांत रुतते, पाचसहा खेपांनंतर भोक फाटत जाते, आणि मग उरलेले गठ्ठे छातीशी कवटाळून न्यावे लागतात.

बाटल्या एकत्र बांधणे आणि त्या हाताने उचलता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा विचार कारखान्यात बारकाईने झालेला दिसतो, दुसरीचा बहुधा राहून गेलेला असतो. या दोन्ही गोष्टी गोंदाचे थोडे ठिपके आणि एक पट्टी यांच्या साहाय्याने साधण्याची जी पद्धत जगात काही ठिकाणी रुळली आहे, तिची ही ओळख आहे.

[दृश्य: जुन्या वाड्याचे अंगण. कोपऱ्यात लाकडी क्रेट.]

काचेच्या बाटल्यांच्या काळात हा प्रश्न क्रेटने सोडवला होता. इंदूरच्या नारायण बाग किंवा रामबाग या वस्त्यांतल्या मराठी घरी लग्नमुंज असली की गोटी सोड्याचे आणि रंगीत सरबतांचे चोवीस खणांचे क्रेट आदल्या दिवशी अंगणात येऊन पडत. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही गोटीची बाटली जाड आणि जड असे, परंतु क्रेटच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांत हात घालण्यासाठी खाचा कोरलेल्या असत आणि दोघांनी मिळून तो उचलायचा, हे ठरलेलेच होते. बाटली परत जायची, क्रेटही परत जायचा, त्यामुळे फेकण्यासारखे काहीच उरत नसे. एकट्या गिऱ्हाइकाने चारसहा बाटल्या हातात धरून घरी न्याव्यात, ही कल्पना निराळी आहे आणि ती अमेरिकेतून आली. कोका-कोलाने १९२३ मध्ये सहा बाटल्यांची पुठ्ठ्याची हँडलवाली पेटी बाजारात आणली. घरी शीतपेटी असलेल्या माणसाने एका वेळी एक बाटली न घेता सहा घ्याव्यात, हा त्यामागचा हेतू होता आणि तो हेतू त्या हँडलने सिद्धीस नेला.

पुढे १९६० च्या दशकात अॅल्युमिनियमच्या आणि पत्र्याच्या डब्यांसाठी प्लास्टिकच्या सहा कड्यांची जाळी आली. ती हलकी आणि स्वस्त होती, मात्र पाण्यात गेल्यावर पक्ष्यांच्या आणि कासवांच्या गळ्यात अडकू लागली. अखेर १९८८ मध्ये अमेरिकेला अशा कड्या कालांतराने विघटित होणाऱ्याच असाव्यात असा कायदा करावा लागला. आपल्याकडे ती जाळी फारशी रुजलीच नाही. आपल्याकडे पेट या पारदर्शक प्लास्टिकची बाटली आली आणि तिच्यासोबत श्रिंक फिल्म, म्हणजे उष्णतेने आकसणारी फिल्म, आली.

श्रिंक फिल्मचे काम समजण्यास सोपे आहे. पॉलिथिनची फिल्म तयार करताना ती ताणलेल्या अवस्थेत थंड केली जाते, त्यामुळे तो ताण तिच्यात कोंडून राहतो. बाटल्यांभोवती ती सैल गुंडाळून गरम हवेच्या बोगद्यातून नेली की फिल्म मूळ आकाराकडे परतू पाहते आणि बाटल्यांना आवळते. बोगदा दिवसभर तापत ठेवावा लागतो, त्याला वीज लागते, आणि घरी पोचताच ती फिल्म फाडून टाकायची असते.

[दृश्य: टेबलावर सहा भरलेल्या बाटल्या, ग्लू गन, गोंदाच्या कांड्या.]

आता गोंदाकडे वळू. जर्मनीतील डॉर्टमुंडच्या केएचएस या यंत्रनिर्मात्या कंपनीने फिल्म पूर्णपणे वगळून पेट बाटल्या गोंदाच्या ठिपक्यांनी एकमेकींना चिकटवायच्या आणि वरून उचलण्यासाठी एक पट्टी लावायची, अशी पद्धत विकसित केली. फ्रान्सच्या एव्हियाँ पाण्याच्या बाटल्या या प्रकारे विकल्या गेल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गने बीअरचे डबे अशाच ठिपक्यांनी जोडून बाजारात आणले आणि त्यामुळे बाह्य बांधणीतले प्लास्टिक ७६ टक्क्यांपर्यंत कमी होते, असे सांगितले.

हे ऐकल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की गोंदाच्या चार ठिपक्यांवर सहा किलो वजन राहील कसे? आम्ही हा प्रयोग लोकमान्य नगरातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर करून पाहिला. शाळेतल्या हस्तकलेसाठी मुले वापरतात ती साधी ग्लू गन आणि पांढऱ्या कांड्या आणल्या. पहिली चूक अशी झाली, की आधी रिकाम्या बाटल्यांवर ठिपका ठेवून पाहिला. गोंद टेकताच बाटलीची भिंत सुरकुतली आणि आत ओढली गेली. पेट सुमारे ७५ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि वितळलेला गोंद त्याच्या कितीतरी वर तापलेला असतो. भरलेल्या बाटलीवर तोच ठिपका ठेवला, तेव्हा मात्र काहीच झाले नाही, कारण आतल्या पाण्याने उष्णता शोषून घेतली. कारखान्यातही बाटल्या भरून, झाकण लावून झाल्यावरच चिकटवल्या जातात.

दुसरी गोष्ट ध्यानात आली ती बाटलीच्या आकाराची. दोन गोल बाटल्या शेजारी ठेवल्या तर त्या एका उभ्या रेषेवरच एकमेकींना स्पर्श करतात. त्या रेषेच्या बाहेर गेलेल्या गोंदाचा उपयोग नाही आणि बाटलीवर आडव्या वळ्या असतील तर तीही रेषा तुटक होते. म्हणून अशा जोडणीसाठी बाटलीचा साचाच असा करावा लागतो, की शेजारणीला टेकणारा भाग थोडा सपाट आणि ताठ राहील. सोड्याची बाटली आतल्या दाबामुळे आपोआप ताठ असते. साध्या पाण्याची पातळ बाटली हातात दबते आणि दबली की ठिपक्याची कड उचलली जाते. झाकण लावण्यापूर्वी पाण्यात द्रवरूप नायट्रोजनचा एक थेंब सोडून आत दाब निर्माण करण्याची जी रीत आहे, ती पातळ बाटलीला ताठपणा देण्यासाठीच आहे.

या सगळ्या पद्धतीचा गाभा मात्र एका साध्या भेदात आहे. चिकटलेल्या दोन वस्तू एकमेकींवरून सरकवायचा प्रयत्न केला तर गोंदाचा सगळा ठिपका एकदम विरोध करतो. त्याच वस्तू एका कडेपासून सोलल्या तर एका वेळी फक्त कडेच्या बारीक रेषेवर ताण येतो आणि जोड सुटत जातो. भिंतीवरचा कागद खाली ओढून निघत नाही, पण कोपरा धरून सोलला की निघतो, तसेच हे आहे. गठ्ठा उचलताना बाटल्यांचे वजन ठिपक्यांवर सरकवणारा ताण देते, म्हणून ते टिकतात. बाटली हवी असेल तेव्हा ती हाताने पिळून वळवली, की ठिपके कडेपासून सोलले जातात आणि बाटली सुटते. ट्रकमध्ये शेकडो किलोमीटर टिकणारा जोड घरातल्या आजींच्या मनगटाला सहज सुटावा, एवढ्यासाठी गोंदाची मात्रा, ठिपक्याचा आकार आणि त्याची जागा ठरवली जाते. माझ्या मते या कामातली खरी कारागिरी हीच आहे. घट्ट चिकटवणे अवघड नाही, योग्य वेळी सुटेल असे चिकटवणे अवघड आहे.

आमचा घरगुती गठ्ठा सावलीत उत्तम टिकला. मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर दोन तास ठेवल्यावर मात्र गोंद मऊ पडला आणि उचलताना एक कोपऱ्यातली बाटली सावकाश, धागे सोडत खाली घसरली. उलट फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेल्या जोडीला जरासा पीळ देताच ठिपका टक् असा आवाज करून निघाला. इंदूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि बंद ट्रकच्या आत त्याहून अधिक तापते, तेव्हा येथे वापरायचा गोंद थंड युरोपातल्या बाजारासाठी बेतलेला असून भागणार नाही. शिवाय बाटली कोरडी असणे अत्यावश्यक आहे. शीतपेय थंड असतानाच भरले जाते, त्यामुळे बाटलीच्या अंगावर दव धरते आणि दवावर गोंद बसत नाही. म्हणूनच चिकटवण्यापूर्वी हवेच्या जोरदार झोताने बाटल्या कोरड्या कराव्या लागतात.

[दृश्य: पट्टीने उचललेला गठ्ठा, बोटे जवळून.]

आता हँडल. सहा बाटल्या तीन-तीनच्या दोन रांगांत उभ्या असतील, तर पट्टीची दोन टोके मधल्या दोन बाटल्यांच्या बाहेरच्या अंगाला चिकटवतात. एक लिटरच्या बाटल्या धरल्या तर प्रत्येक मधल्या बाटलीवर स्वतःचे एक किलो आणि तिच्या दोन्ही शेजारणींचे एकेक किलो असा सुमारे तीन किलोंचा भार येतो. कोपऱ्यातल्या चारही बाटल्यांना पट्टीचा स्पर्शसुद्धा नसतो, त्या केवळ गोंदावर लटकतात. पट्टी फार तोकडी असेल, तर हात वर ओढताना तिची टोके तिरकी खेचली जातात आणि सोलण्याचा ताण सुरू होतो. पुरेशी लांब असेल तर ओढ जवळजवळ सरळ वर जाते आणि जोड टिकतो. फार लांब पट्टी मात्र रचलेल्या गठ्ठ्यांत अडकते. एवढ्याशा पट्टीची लांबी ठरवताना दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो तो असा.

झटका हा हँडलचा मोठा शत्रू आहे. स्थिर लटकलेले सहा किलो आणि एकदम पट्टीवर आलेले सहा किलो यांत फरक आहे. भार अचानक आला तर क्षणभर ताण सुमारे दुप्पट होतो. हे मी जिन्यात शिकलो. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत तिसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्यांसाठी पाण्याचे दोन गठ्ठे घेऊन चढत होतो. त्यांच्या फिल्मवर चिकटपट्टीचे हँडल होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गठ्ठा कठड्याला लागला, उसळला, आणि हँडलचे एक टोक फिल्मसकट निघून आले. पट्टी शाबूत होती, तिचा गोंदही शाबूत होता. फाटली होती ती फिल्म. बाटल्या गडगडत खाली गेल्या आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या, तेव्हा एक बाटली त्यांच्या पायाशी येऊन थांबली होती. कोणाला इजा झाली नाही, याचे समाधान मला आजही वाटते, कारण त्यांची नात तेथेच खेळत असे.

तसल्या चिकटपट्टीचे हँडल जवळून पाहण्यासारखे असते. पट्टीला सगळीकडे गोंद असतो, परंतु मधल्या वीतभर भागावर कागदाची किंवा फिल्मची अरुंद चिंधी उलटी चिकटवलेली असते, जेणेकरून तळव्याला गोंद लागू नये. ही चिंधी किती रुंद असावी, हा प्रश्न मला गोंदाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो. सहा किलोंचा गठ्ठा दोन मिलिमीटर जाडीच्या सुतळीने उचलला आणि तोच अडीच सेंटिमीटर रुंद पट्टीने उचलला, तर बोटांवरचा दाब सुतळीच्या बाबतीत बारापटींहून अधिक पडतो. पट्टी दुमडून दोरीसारखी झाली की तिची रुंदी वाया जाते, म्हणून ती थोडी जाड, न चुरगळणारी हवी. स्वयंपाकघरापर्यंत हे ओझे नेणारा हात बहुतेक वेळा बाईचा असतो, आणि पट्टीचे माप त्या हातावर घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.

[दृश्य: सकाळी दाराशी आलेली कचरागाडी. नंतर देवगुराडियाचा परिसर.]

या शहरात प्रत्येक वस्तूचा शेवट दारातच विचारला जातो. इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सातत्याने अव्वल राहिले आहे आणि येथे घरोघरी कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत दिला जातो. देवगुराडियाच्या केंद्रात सुका कचरा पुन्हा निवडला जातो. रिकामी पेट बाटली वेचणाऱ्याला हवी असते, कारण तिला भाव मिळतो. फाटलेली पातळ फिल्म ओल्या कचऱ्याला चिकटते, वजनाला काहीच भरत नाही आणि तिला सहसा कोणी हात लावत नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बंदीत मिठाईच्या डब्यांवरची आणि निमंत्रणपत्रिकांवरची फिल्म आली, परंतु बाटल्यांच्या गठ्ठ्यांची फिल्म त्या यादीत नाही.

गोंदाच्या गठ्ठ्यात फिल्म नसतेच. उरते एक पट्टी आणि बाटलीच्या अंगावरचे काही ठिपके. हे ठिपकेही निरुपद्रवी असतील असे गृहीत धरून चालत नाही. पेट बाटल्यांचे तुकडे करून ते कॉस्टिक सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुतले जातात आणि त्या धुण्यात गोंद सुटून वेगळा झाला तरच पुढचे प्लास्टिक स्वच्छ मिळते. तो पेटला चिकटून राहिला, तर वितळवताना पिवळे डाग पडतात. म्हणजे या ठिपक्याला तीनदा परीक्षा द्यावी लागते: रस्त्यावर टिकण्याची, हातात सुटण्याची आणि धुण्यात निघून जाण्याची.

[दृश्य: लोकमान्य नगर, स्वयंपाकघराचा ओटा.]

आमच्या घरगुती गठ्ठ्यातली शेवटची जोडी आईने सोडवली. तिचे वय ७४ आहे आणि उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. तिने एक बाटली ओट्याच्या कडेला टेकवली, दुसरी डाव्या हाताने पिळली, आणि ती सुटली. मग बाटलीवरचा पांढरा ठिपका नखाने उचलून तिने तो बोटांत चोळून पाहिला, पट्टी घडी करून प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पाणी माठात ओतले.