द्राक्षाच्या कंटेनरचा कार्बन हिशेब

(दृश्य: पिंपळगाव बसवंतजवळचं पॅकहाऊस. डॉकला लागलेला रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, आत जाणारी खोकी.)

आत चढतायत 13 टन द्राक्षं. खोकी, पनेट (आतले छोटे डबे), पॅड धरले की 14 टन. इथून न्हावा शेवा बंदर साधारण 220 किलोमीटर, आणि तिथून जहाजाने रॉटरडॅम. तिथला खरेदीदार दर ठरवताना आता आणखी एक आकडा मागतो: माल माझ्या गोदामात पोचेपर्यंत वाहतुकीचा कार्बन किती झाला?

बहुतेक ठिकाणी याचं उत्तर पाच मिनिटांत तयार होतं. टन गुणिले किलोमीटर (म्हणजे टन-किलोमीटर), गुणिले तक्त्यातला एक घटक: टन-किलोमीटरमागे किती कार्बन. आकडा दशांशासकट येतो, म्हणून खराही वाटतो. गडबड दशांशात नसते. गाडी जे किलोमीटर धावली पण कुठल्याच कागदावर आले नाहीत, तिथे असते.

(दृश्य: मुंबई-नाशिक महामार्ग. रिकामा कंटेनर घेऊन कसारा घाट चढणारा ट्रेलर.)

हा ट्रेलर द्राक्षं भरायच्या आधीचा आहे. रिकामा रीफर बंदराकडून आणावा लागतो, म्हणजे 220 किलोमीटरची एक फेरी माल नसतानाच होते. रिकाम्या कंटेनरला ई-वे बिल लागत नाही आणि त्या फेरीत मालाची बिल्टीही नसते. मालाच्या कागदांवरून हिशेब करणाऱ्याला ही फेरी दिसतच नाही. डिझेल मात्र जळतं. त्यात समुद्रसपाटीपासून नाशिकच्या सुमारे 600 मीटर उंचीपर्यंतची चढण या रिकाम्या फेरीच्याच वाट्याला येते, आणि भरलेली गाडी घाट उतरते. त्यामुळे भरल्या आणि रिकाम्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजमधला फरक इथे सपाट रस्त्यापेक्षा कमी पडतो. तक्त्यातल्या सरासरी घटकाला हा घाट ठाऊक नसतो.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. भरलेली गाडी लिटरला सव्वातीनच्या आतबाहेर धावली, डिझेल 70 लिटर. रिकामी फेरी लिटरला 4 ने, 55 लिटर. शिवाय कंटेनर थंड ठेवणारा जनरेटर. तो रस्त्यावर चालतो आणि बंदराच्या गेटबाहेरच्या रांगेतही चालतो. 10 तास, ताशी अडीच लिटर, म्हणजे 25 लिटर. एकूण 150.

लिटरभर डिझेल जळताना सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पण खनिज तेल काढणं, रिफायनरीत शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं हेही धरावं लागतं. तेव्हा तो आकडा 3.2 किलोच्या आसपास जातो. 150 गुणिले 3.2, म्हणजे 480 किलो. फक्त भरली फेरी आणि फक्त जळणारं डिझेल धरलं असतं, तर 190 किलोही भरले नसते. तीच गाडी, तोच रस्ता, आणि उत्तरांत अडीचपट फरक.

(दृश्य: काटा पावती, पंपाचं बिल, ओडोमीटर. एकेक जवळून.)

मालवाहतुकीचा हिशेब कसा करायचा, याचं आंतरराष्ट्रीय मानक मार्च 2023 मध्ये आलं: आयएसओ 14083. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्मार्ट फ्रेट सेंटर या संस्थेची ग्लेक ही हिशेबाची चौकट त्याच्याशी जुळवलेली आहे. त्यातला एक नियम लोक हमखास चुकवतात. रिकाम्या फेरीचं डिझेल उत्सर्जनात धरायचं, पण रिकामे किलोमीटर टन-किलोमीटरमध्ये धरायचे नाहीत. इथे काम झालं 14 टन गुणिले 220, म्हणजे 3,080 टन-किलोमीटर. 480 किलोला त्याने भागा: टन-किलोमीटरला 156 ग्रॅम. कंटेनरचं स्वतःचं साडेचार टनांच्या आसपासचं वजन मालात मिळवायचं नाही; मिळवलं की छेद मोठा होतो आणि आकडा फुकटात सुंदर दिसतो.

अनेक ठिकाणी माल उतरवणाऱ्या गाडीत दुसरी चूक होते. 9 टन माल, तीन थांबे, 10, 20 आणि 30 किलोमीटरवर, प्रत्येकी 3 टन. कुणी 9 गुणिले 30 करून 270 लिहितं. बरोबर उत्तर 30 अधिक 60 अधिक 90, म्हणजे 180.

डिझेल मोजायचं ते टाकी फुल ते टाकी फुल. एकाच फेरीवर विसंबू नये. त्या मार्गावरच्या त्या प्रकारच्या गाड्यांची वर्षभराची बेरीज घ्यावी. ट्रान्सपोर्टर डिझेलचा आकडा द्यायला कचरतो, कारण त्यावरून भाड्यातली त्याची कमाई उघडी पडते. एकेका गाडीऐवजी मार्गाची सरासरी मागितली, तर तो सहसा देतो.

(दृश्य: बंदराचं यार्ड. प्लग लावलेल्या रीफरची रांग.)

जहाज यायला दोन दिवस. कंटेनर तासाला सरासरी 4 युनिट वीज घेतो असं धरलं, तर 192 युनिट. आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण 0.7 किलो, म्हणजे 134 किलो. आणि शीतक वायू गळला तर? आर-134ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 1,300 ते 1,500 पट तापवतो. आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीचा) कोणता अहवाल धरता त्यावर हा गुणक ठरतो. एक किलो गळती म्हणजे आपल्या अख्ख्या रस्त्याच्या टप्प्याच्या जवळपास तिप्पट. म्हणून दुरुस्तीच्या पावतीवर किती गॅस भरला ते बघायचं. तिथूनच गळती कळते.

(दृश्य: नकाशा. न्हावा शेवा ते रॉटरडॅम, दोन रेषा.)

सर्वांत मोठा वाटा समुद्राचा. सुएझमार्गे हे अंतर साधारण 6,300 सागरी मैल. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला: सुमारे 10,800 मैल, म्हणजे पावणेदोनपटीच्या जवळ. त्यात रीफर तितके जादा दिवस जहाजाची वीज खात राहतो.

टन-किलोमीटर प्रत्यक्ष धावलेल्या अंतरावर काढले, तर वळशाने अंश आणि छेद दोन्ही वाढतात, आणि ग्रॅमचा आकडा जिथल्या तिथे राहतो. जादा कार्बन त्यात दडून जातो. म्हणूनच मानक टन-किलोमीटरसाठी सर्वांत कमी व्यवहार्य अंतर किंवा सरळ हवाई अंतर धरायला सांगतं. त्यातही व्यवहार्य म्हणजे सुएझ की केप, हा प्रश्न उरतोच. खरेदीदाराला पाठवायच्या तक्त्यात ग्रॅमशेजारी कंटेनरचा एकूण किलोंचा आकडा द्यावा, आणि त्याच ओळीत जहाज कुठल्या मार्गाने गेलं आणि अंतर कुठलं धरलं तेही.