दोन पेन्सांचं पंचांग

हे पुस्तक खिशात मावतं. महिन्याला एक पान, सणवार तांबड्या शाईत. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये ते साधारण दोन पेन्सांना मिळायचं. १६६०च्या दशकात इंग्लंडमध्ये अशी पंचांगं वर्षाला सुमारे चार लाख खपत. छापायचा मक्ता स्टेशनर्स कंपनीकडे, म्हणजे लंडनच्या मुद्रक-पुस्तकविक्रेत्यांच्या संघाकडे होता, १६०३ पासून.

पुढच्या पानांवर भविष्य असे: रोगराई, युद्ध, पाऊसपाणी. त्याची चर्चा आजवर पुष्कळ झाली. आम्हाला थांबवतात ते आकड्यांचे हे बारीक रकाने.

हा रकाना चंद्राचा. अमावास्येपासून किती दिवस झाले ते बघायचं, त्याला चारानं गुणायचं, पाचानं भागायचं. समजा, दहावा दिवस आहे. दहा चोक चाळीस, भागिले पाच, आठ. म्हणजे आज रात्री आठच्या सुमारास चंद्र बरोबर दक्षिणेला येणार. थेम्सवरचा नावाडी त्यात तीन तास मिळवायचा. लंडन ब्रिजला भरती रात्री अकराला!

घड्याळ नसलेल्या माणसालाही हा हिशेब पुरायचा. चांदण्यात सूर्यतबकडीपाशी, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या तबकडीपाशी जायचं. चंद्राची सावली दोनावर पडली असेल, तर आठ आणि दोन, दहा वाजले. दुर्बीण नको, विद्यापीठ नको. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणालाही आकाशातून वेळ काढता येत होती, आणि हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

१६५६ मध्ये हॉलंडच्या हायगेन्स या शास्त्रज्ञानं लंबकाचं घड्याळ घडवलं, आणि नवाच पेच पडला. घड्याळ एका चालीनं चालतं, सूर्य तसा चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबगोल, तिचा आस कललेला. त्यामुळे एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंतचा वेळ वर्षभर थोडा थोडा बदलत राहतो. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीडनं १६७० च्या दशकात या फरकाचं नेमकं कोष्टक मांडलं. पुढे पंचांगांतही तसे रकाने आले: घड्याळ किती पुढे हवं, किती मागे.

ऑक्टोबरची अखेर. तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. ते इंग्लंडनं १७५२ मध्ये सोडलं. अंगणातल्या तबकडीवर सावली बाराला टेकते. घरधनी पंचांगातल्या ओळीवर बोट ठेवतो, आत येतो, घड्याळाची काच उघडतो, आणि काटा लावतो अकरा वाजून चव्वेचाळीस मिनिटांवर.