टेस्टोस्टेरॉन कमी आलंय? आधी रिपोर्टवरची वेळ बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "ताई, पुण्यात टेस्टोस्टेरॉनची ट्रायल चालू असेल तर मला घ्या ना, माझा आकडा कमी आलाय." कुणाला ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, घ्यायचं हे मी ठरवत नाही. मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, डॉक्टर नाही. पण ट्रायलसाठी आलेल्या माणसाची तपासणी कशी होते आणि त्यातले कितीतरी जण पहिल्याच पायरीवरून परत का जातात, हे माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून त्यावरच बोलू.

मूळ गोष्ट पटकन सांगते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वृषणात तयार होतं आणि ते तयार करायचा हुकूम मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एलएच या हार्मोनमार्फत येतो. टेस्टोस्टेरॉन कमी बनण्याच्या आजाराला हायपोगोनॅडिझम म्हणतात. वृषणच कमी पडत असेल तर प्रायमरी हायपोगोनॅडिझम, वरून हुकूमच येत नसेल तर सेकंडरी. निदानासाठी लक्षणंही हवीत आणि रक्तातला आकडाही कमी हवा. नुसता थकवा म्हणजे हायपोगोनॅडिझम नाही, नुसता आकडाही नाही. झालं.

आता ज्याच्यासाठी व्हिडिओ केलाय ते. रक्त सकाळी द्यायचं, उपाशीपोटी द्यायचं, आणि एकदा कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी परत द्यायचं. मी हे प्रत्येक कमेंटखाली लिहिते, तरी खाली रिपोर्ट येतो आणि त्यावर सॅम्पलची वेळ असते दुपारी सव्वातीन. अहो, सव्वातीन! होम कलेक्शनला तोच स्लॉट मिळाला म्हणे. टेस्टोस्टेरॉन पहाटे आणि सकाळी सगळ्यात जास्त असतं, मग दिवसभर उतरत जातं. तरुण माणसात हा उतार मोठा असतो, वय वाढतं तसा कमी होतो. म्हणजे तिशीतल्या मुलाचं दुपारी रक्त काढून "लो" म्हणणं सगळ्यात चुकीचं, आणि नेमके तिशीतलेच घाबरून मला मेसेज करतात.

खाण्याचंही तेच. ट्रायलमध्ये सकाळी माणूस आला की आम्ही पहिल्यांदा विचारतो, शेवटचं कधी खाल्लंत? "काल रात्री." बरं. चहा? "चहा तर घेतला, येताना अमृततुल्यवर, पण चहाला काय होतंय?" दूध-साखरेचा चहा झाला म्हणजे उपास मोडला. साखर पोटात गेली की टेस्टोस्टेरॉनचा आकडा तात्पुरता खाली येतो. ट्यूबवर वेळ लिहायची, कागदावर शेवटच्या खाण्याची वेळ लिहायची, आणि त्या गृहस्थांना नम्रपणे सांगायचं, काका, उद्या या. रागावतात. पार सिंहगड रोडवरून ट्रॅफिकमधून आलेले असतात, त्यांचंही चूक नाही. पण तो आकडा घेऊन आम्ही काय करणार?

एका प्रेक्षकाने लिहिलंय, "ताई, मी हिंजवडीत रात्रपाळी करतो, माझी सकाळ कुठली धरायची?" फार चांगला प्रश्न. माझा मावसभाऊ याच भानगडीत सापडला होता. पाळी संपवून, रात्रभर जागून, घरी जाता जाता लॅबमध्ये रक्त देऊन आला. आकडा कमी. घरात काळजी, लग्न नुकतंच ठरलेलं. पुढे सुट्टी घेऊन नीट झोपला, डॉक्टरांच्या सांगण्यावरून परत तपासलं, आकडा नॉर्मल. झोप तुटली की टेस्टोस्टेरॉन पडतं. आजारपणातही पडतं, डेंगीतून उठल्या उठल्या तपासू नका. रात्रपाळीवाल्यांनी झोपेच्या वेळा डॉक्टरांना स्पष्ट सांगायच्या, म्हणजे रक्त कधी द्यायचं ते त्यांना ठरवता येतं.

आता हेच ट्रायलच्या बाजूने बघा. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या पुरुषांवर टी-ट्रायल्स नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१६ साली निकाल आले. ५१,०८५ पुरुष तपासले आणि घेतले किती? ७९०. दोन सकाळच्या नमुन्यांची सरासरी डेसिलिटरला २७५ नॅनोग्रॅमच्या खाली हवी होती, शिवाय लक्षणंही हवी होती. एवढी चाळणी का? कारण एकदाच कमी आलेला आकडा पुढच्या वेळी बऱ्याचदा आपोआप वर येतो. असे लोक ट्रायलमध्ये घुसले, तर तुलनेसाठी औषध नसलेलं जेल, म्हणजे प्लासिबो, लावणाऱ्यांचाही आकडा "सुधारतो" आणि औषधाने खरंच काय केलं ते कळत नाही. जो नियम अभ्यासाला लागतो तोच तुमच्या निदानाला लागतो. एका दुपारच्या रिपोर्टवर कुणी वर्षाचं इंजेक्शनचं पॅकेज विकत असेल, तर तिथून उठा. मला याचा खरोखर संताप येतो, कारण पैसे भरून झाल्यावर लोक मला विचारतात.

त्या ७९० जणांना काय मिळालं? वर्षभर टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांची लैंगिक इच्छा आणि क्षमता बऱ्यापैकी सुधारली. हाडांची घनता वाढली, ज्यांना अॅनिमिया होता त्यांचं हिमोग्लोबिन वाढलं. पण थकव्यावर ठरवलेल्या मोजपट्टीत ठोस फरक नाही, स्मरणशक्तीत फरक नाही. आणि लोक इंजेक्शन घेतात कशासाठी? थकवा जायला.

हृदयाचं विचारता ना नेहमी? त्यासाठी ट्रॅव्हर्स ट्रायल आहे, २०२३. पाच हजारांहून जास्त पुरुष, ४५ ते ८० वयाचे, आधीच हृदयविकार असलेले किंवा धोका जास्त असलेले. इथेही उपाशीपोटी दोन नमुने, दोन्ही ३०० च्या खाली. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयामुळे मृत्यू मिळून जेलवाल्यांत ७ टक्के, प्लासिबोवाल्यांत ७.३ टक्के. म्हणजे धोका वाढला नाही. पण एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित होणं), किडनीला अचानक इजा आणि फुप्फुसात रक्ताची गाठ हे जेलवाल्यांत जास्त दिसलं. पुढे २०२४ मध्ये त्याच ट्रायलचे फ्रॅक्चरचे आकडे आले, तेही जेलवाल्यांतच जास्त, हाडांची घनता वाढते म्हणताना. "सेफ आहे, ट्रॅव्हर्सने सिद्ध केलं" अशी कमेंट टाकणाऱ्या दादा, हा अर्धा भाग पण वाचा. आणि ते लोक खरोखर कमी आकड्याचे होते. तुमचा ४८० असेल तर तो निकाल तुमच्यासाठी नाही.

ट्रायल शोधायची असेल तर सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. सरकारी आहे, २००७ पासून, आणि २००९ पासून तिथे नोंदणी सक्तीची आहे. रोगाचं नाव टाकून शोधा, कुठल्या शहरात, कोण पात्र, सगळं लिहिलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या "ट्रायल"चा नोंदणी क्रमांक मागा, नसेल तर विषय संपला. संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळायला हवं, मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, एक प्रत स्वतःकडे ठेवा. ट्रायल मध्येच सोडता येते, कारणही द्यावं लागत नाही. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई, हे २०१९ च्या नियमांत आहे. आणि औषधाऐवजी प्लासिबो मिळू शकतो, हे मनात पक्कं करूनच सही करा.

शेवटचं, जिममध्ये जाणाऱ्या मुलांसाठी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की पिट्युटरीला वाटतं भरपूर आहे, ती एलएच आणि शुक्राणू बनायला लागणारं एफएसएच ही हार्मोन्स थांबवते आणि शुक्राणू बनणं बंद पडत जातं. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून हेच तपासलं होतं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आठवड्याला २०० मिलिग्रॅम इंजेक्शन देत होते आणि निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले. मूल हवंय त्याने हे इंजेक्शन घ्यायचं नाही. सेकंडरी प्रकारात मूल हवं असेल तर एचसीजी (एलएचसारखं काम करणारं हार्मोन) यासारखे वेगळे उपचार असतात, ते एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, ठरवतात. आणि ज्यांनी आधीच सुरू केलंय त्यांनी स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि मनानेच चालूही ठेवू नका. कुपी आणि तिचं खोकं सोबत घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा, किती दिवस आणि किती घेतलं ते खरं सांगा, आणि सीमेन अॅनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी, करून घ्या. शुक्राणू परत यायला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त, म्हणून हे लग्न ठरायची वाट बघत ठेवू नका.