श्रावण ते ज्येष्ठ : आई, मूल आणि ऋतूंचे वाचन

[दृश्य : पावसाळी बाजारपेठ. पूजासाहित्याच्या दुकानाबाहेर लटकवलेले जिवतीचे कागद.]

श्रावण तोंडावर आला की महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बाजारपेठांत हा कागद विक्रीला येतो. स्वस्त शाईत छापलेल्या या कागदावर चार चित्रे असतात : खांबातून प्रकटलेला नरसिंह, कालियाच्या फण्यावर उभा असलेला कृष्ण, मुलाबाळांनी वेढलेल्या, त्यांचे रक्षण करणाऱ्या देवी जरा-जिवंतिका आणि हत्ती व वाघ यांच्यावर बसलेले बुध-बृहस्पती. देवघराजवळच्या भिंतीवर तो लावला जातो, श्रावणातल्या दर शुक्रवारी आई त्याची पूजा करते आणि नंतर मुलांना पाटावर बसवून ओवाळते. घरात मुलांचे एकही पुस्तक नसले, तरी हा कागद असे. त्यामुळे अनेक पिढ्यांतल्या मराठी मुलांनी पाहिलेले पहिले छापील चित्र बहुधा हेच असावे.

पूजा चाललेली असताना तीन वर्षांचे मूल आईच्या मांडीला टेकून वर पाहते आणि विचारते, "आई, हा साप एवढा मोठा का?" मग आईला यमुनेचा डोह सांगावा लागतो, चेंडू सांगावा लागतो, आणि पुढच्या शुक्रवारी तोच प्रश्न आला की तीच गोष्ट पुन्हा, शक्य तो त्याच शब्दांत, सांगावी लागते. एकच चित्र महिनाभर समोर राहणे, त्यावर बोट ठेवून बोलणे आणि मुलाच्या प्रश्नासाठी थांबणे, या तिन्ही गोष्टी बालशिक्षणाचे जाणकार आज आयांना चित्रपुस्तक हाती देऊन सांगतात. जिवतीच्या कागदासमोर त्या कुणी न सांगता होत आल्या आहेत.

याच महिन्यात वारावारांच्या कहाण्या वाचल्या जातात. आटपाट नगरापासून निघून "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" इथपर्यंत पोहोचणारा त्यांचा ठरलेला घाट लहान मुलांना फार लवकर कळतो, कारण त्यात वाक्ये फिरून फिरून येतात आणि पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येतो. मात्र सगळ्याच कहाण्या चार वर्षांच्या मुलासाठी नाहीत. सवतीमत्सर, शाप आणि दारिद्र्याची वर्णने त्यांत पुष्कळ आहेत, आणि वाचणाऱ्या बायका समोर मूल असले की ती बेताने गाळत आल्या आहेत. पुस्तक मुलाच्या वयाकडे पाहून वाचावे हे शहाणपण त्यांच्याकडे होते, आणि आजच्या आईनेही तेवढे स्वातंत्र्य घ्यायला हरकत नाही.

श्रावण संपतो तो पिठोरी अमावास्येला. आई खिरीपुरीचा नैवेद्य डोक्यावर घेऊन "अतिथी कोण?" असे विचारते आणि मागे उभे असलेले मूल "मी आहे" म्हणून तो हातात घेते. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत बैलपोळाही याच दिवशी असतो. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले लाकडी बैल सजवून, त्यांना दोरी बांधून ओढत नेतात. शेतातल्या प्राण्यांचे चित्रपुस्तक वर्षभरात केव्हाही वाचता येते, हे खरे. पण ते या आठवड्यात काढले, तर वशिंड, झूल, वेसण, गोंडा हे शब्द मुलाला समजावून सांगावे लागत नाहीत.

[दृश्य : अंगणात पाट. पाटावर रेखलेला हत्ती आणि त्याभोवती फेर धरलेल्या मुली, आया आणि दोन-तीन लहान मुलगे.]

पावसाळा सरत आला की भोंडला सुरू होतो. काही भागांत त्याला हादगा म्हणतात, आणि सूर्य हस्त नक्षत्रात शिरल्यापासून तो 16 दिवस चालतो. इतरत्र घटस्थापनेपासून भोंडल्याचे फेर धरतात, तर विदर्भात भुलाबाई आणि खानदेशात गुलाबाई भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरी असते. हादग्याच्या पद्धतीत पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे करत सोळाव्या दिवशी सोळा गाणी होतात आणि खिरापतीही तशाच वाढत जातात. लहान मुलाची स्मरणशक्ती याहून चांगल्या रीतीने वाढवता येईल, असे वाटत नाही. रोज एकच नवे गाणे पदरात पडते, आणि कालची सगळी पुन्हा म्हटली जातात.

ही गाणी वाचनासाठी उपयोगी पडतात, ती एका साध्या कारणाने. माहेरी जाऊ का म्हणून विचारणाऱ्या सुनेला सासू एकामागून एक कामे सांगत राहते, अशा धाटणीच्या गाण्यात प्रत्येक कडव्यात एखाददुसराच शब्द बदलतो आणि बाकीची ओळ तशीच राहते. असे गाणे मुलाला तोंडपाठ असेल आणि आईने ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून समोर ठेवले, तर अक्षरओळख नुकती होऊ लागलेले मूल ओळीवरून बोट फिरवत म्हणू लागते आणि बदललेल्या शब्दापाशी अडखळते. ते जिथे अडखळते, तिथेच छापील शब्दाकडे त्याचे पहिल्यांदा नीट लक्ष गेलेले असते.

खिरापत ओळखण्याचा खेळ तर आणखी मोलाचा आहे. झाकलेला डबा हलवून आवाज ऐकवला जातो आणि मुलांनी प्रश्न विचारत आतला पदार्थ शोधायचा असतो : गोड आहे की तिखट, कोरडा आहे की पातळ, तळलेला आहे की भाजलेला. पदार्थाचे नाव एकदम विचारायचे नाही, गुणांवरून त्याच्याकडे जायचे, ही शिस्त मुले इथे पोट धरून हसत शिकतात. उत्तर अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळे, ज्यांची शिखरसंस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 मध्ये स्थापन झाले, भोंडला बहुधा शनिवार-रविवारी सभागृहात घेतात. घरात इंग्रजीच बोलणाऱ्या तिथल्या मुलांनाही या खेळापुरते मराठी विशेषणांवाचून चालत नाही.

[दृश्य : इमारतीच्या जिन्याखाली ओली माती, विटांचे तुकडे, पोते. किल्ला आकार घेत आहे.]

दिवाळीच्या सुट्टीतला किल्ला हा मुळात मोठ्या मुलांचा उद्योग होता. लहानांना पाणी आणून देण्याचे काम असे आणि आईकडून फक्त जुने पोते, गेरू आणि मूठभर अळीव मिळत. आता सदनिकेच्या गॅलरीत एका ताटात किंवा लाकडी फळीवर किल्ला होतो आणि चार-पाच वर्षांच्या मुलासोबत माती मळायला आईच बसते. दगड-विटा रचायच्या, त्यावर चिखलात भिजवलेले पोते टाकायचे, मातीने लिंपायचे आणि भिजवलेले अळीव किंवा मोहरी पेरायची. तीन-चार दिवसांत हिरवळ उगवते. बाजारात मिळणारा प्लास्टरचा तयार किल्ला आणला, तर ही उगवण्याची वाट पाहणे जाते, आणि ते गेल्यावर उरतो तो देखावा. माझ्या मते तो न आणणे बरे.

किल्ल्यासोबत वाचायचे काय, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. पाच वर्षांच्या मुलाला लढायांच्या सनावळीचे काही कळत नाही आणि शौर्यकथांतली कापाकापी त्याच्या झोपेच्या वेळी नको असते. त्याला कळते ती जागा. पाणी कुठून येते, दरवाजा कुठे लपलेला आहे, पहारेकरी कुठे उभा राहतो, धान्य कुठे ठेवतात, हे प्रश्न ते स्वतःहून विचारते. म्हणून गडाचा नकाशा आणि एखादे चांगले छायाचित्र या वयाला पुरेसे वाचन आहे. राजगडाच्या नकाशावर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला दिसतो, तर मालवणचा सिंधुदुर्ग करायचा असला, तर ताटात पाणीच भरावे लागते. मुलाने आईच्या मदतीने 'बुरूज', 'टाके', 'तटबंदी', 'महादरवाजा' अशा चिठ्ठ्या लिहून काडीला चिकटवल्या, की तो किल्ला वाचता येऊ लागतो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली. त्यांतले 11 महाराष्ट्रातले असून बारावा तमिळनाडूतला जिंजी आहे. ही बारा नावे नकाशावर शोधणे हा दिवाळीच्या एका दुपारचा चांगला उद्योग होऊ शकतो.

याच सुट्टीत घरात दिवाळी अंक येतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो प्रौढांसाठी. त्याआधीच, 1906 मध्ये, वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी 'आनंद' मासिक सुरू केले होते. बालभारतीचे 'किशोर' 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. तरीही बालदिवाळी अंकांचा भर स्वतः वाचू शकणाऱ्या मुलांवर असतो आणि अक्षरे न कळणाऱ्या, पण चित्रे बारकाईने पाहणाऱ्या मुलांना त्यांत एखाद-दुसरे पान मिळते. ही उणीव संपादकांनी मनावर घ्यावी. तोवर आईने मोठ्या भावंडाच्या अंकातली एकच कविता निवडून ती सुट्टीभर म्हणावी.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या बोरन्हाणाबद्दल फार सांगायला नको. बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि हलव्याचे दागिने यांचे आकार, रंग आणि चवी मूल स्वतःच वेचून घेते.

[दृश्य : पुस्तकांच्या दुकानातला लहान मुलांचा कोपरा. ऋतूंची रंगीत पुस्तके.]

या साऱ्या वर्षाशी दुकानातली पुस्तके मात्र पुष्कळदा जुळत नाहीत. परदेशी चित्रपुस्तकांत चार ऋतू असतात, झाडे लाल-पिवळी होऊन पाने गळतात आणि मुले बर्फाचा माणूस करतात. शाळेत मूल तीन ऋतू शिकते आणि जरा मोठे झाल्यावर वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर ही सहा नावे पाठ करते. दूर देशातला बर्फ पुस्तकात पाहणे चांगलेच आहे. पण चैत्रातली पिंपळाची तांबूस पालवी आणि ऐन उन्हात फुललेला पळस दाखवणारे पान आधी मिळायला हवे.

मुलाच्या भोवतालातूनच शिक्षणाची साधने घ्यावीत, हा विचार महाराष्ट्रात जुना आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये ते काम आजच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी तिथल्या आदिवासी मुलांसाठी महागडी मॉन्टेसरी साधने बाजूला ठेवली आणि बिया, शंख, शिंपले, पाने, दगड यांवर मोजणे, जुळवणे आणि वर्गवारी करणे बसवले. अशा साधनांची पेटी ऋतूप्रमाणे बदलते, आणि ती भरायला पैसे लागत नाहीत.

उन्हाळ्यात चिंचोके, सागरगोटे आणि आंब्याच्या कोयी घरातच असतात. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात 2022 मध्ये 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान राबवले गेले, त्यात हीच साधने आयांच्या हाती पुन्हा आली. उन्हाळ्यात शाळेत पहिला मेळावा होतो. मूल एकेका टेबलापाशी जाऊन उड्या मारते, चित्र पाहून बोलते, वस्तू मोजते, आणि त्याची नोंद विकासपत्रावर होते. नंतर वाडी-वस्तीतल्या आयांचे गट करून त्यांना घरी करायच्या कृती दिल्या जातात : भाजी निवडताना मोजणे, कपड्यांच्या घड्या लहान-मोठ्या क्रमाने लावणे, गोष्ट सांगून तिचा शेवट मुलाला विचारणे. ज्या आईचे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले, तिलाही यातले काही अवघड नाही.

जूनमध्ये, विदर्भात उन्हामुळे थोडे उशिरा, शाळा उघडतात. दुसऱ्या मेळाव्यात तेच मूल पुन्हा त्या टेबलांपुढून जाते आणि विकासपत्रावर शेजारचा रकाना भरला जातो. कागदावरचे हे दोन रकाने आई आणि शिक्षक एकत्र बसून वाचतात, आणि पहिलीच्या पहिल्या आठवड्यात त्या मुलाला कोणते पुस्तक द्यायचे ते तिथे ठरते.