बुबुलिना, स्पानो आणि बाईचं आडनाव

विषय दक्षिण इटलीतल्या बायकांच्या आडनावांचा, आणि त्यांत उरलेल्या ग्रीक भाषेचा आहे, पण आधी मी तुम्हाला बुबुलिना सांगणार, कारण तिच्याशिवाय पुढचं पटत नाही. लास्करिना बुबुलिना 1771 साली कॉन्स्टँटिनोपलच्या तुरुंगात जन्मली. वडील तिथे कैदेत होते, आई त्यांना भेटायला गेली होती. तिचा दुसरा नवरा दिमित्रिओस बुबुलिस, ग्रीसच्या स्पेत्सेस बेटावरचा. 1811 मध्ये तो चाच्यांशी लढताना मारला गेला. बाईंनी त्याची जहाजं आणि पैसा सांभाळलाच, वर ‘अ‍ॅगामेम्नॉन’ हे लढाऊ जहाज बांधलं आणि तुर्कांविरुद्धच्या 1821 च्या ग्रीक उठावात त्या स्वतः समुद्रात उतरल्या. एवढं कर्तृत्व, तरी जग तिला ओळखतं ते नवऱ्याच्या नावाने. बुबुलिसची बुबुलिना, आपल्या पाटलाची पाटलीण व्हावी तशी.

बायकोचं नाव घडवणारा हा ग्रीक प्रत्यय ‘इना’ एकटा नाही. ‘एना’ आहे, जॉर्जची बायको ती योर्गेना. ‘इस्सा’ही आहे. तो तर चर्चच्या लॅटिनमधून इटालियनमध्ये ‘एस्सा’ होऊन बसला. ‘कोंतेस्सा’ म्हणजे काउंटची बायको, ‘दोत्तोरेस्सा’ म्हणजे बाई डॉक्टर. तुम्ही मुलीला लाडाने प्रिन्सेस म्हणता ना? त्यातलं शेवटचं ‘एस’ ग्रीकांचं. हसा, पण लक्षात ठेवा.

मला राग येतो तो आडनावांचा अभ्यास म्हणजे पुरुषांचा अभ्यास समजतात याचा. गेरहार्ड रोल्फ्स या जर्मन भाषातज्ज्ञाबद्दल मला अपार आदर आहे. इटलीच्या दक्षिण टोकाला असलेल्या कालाब्रियाची गावं पायाखाली घालून त्याने आडनावांचा, टोपणनावांचा कोश केला. तिथे स्पानो, स्ग्रो, माक्री अशी आडनावं आजही सापडतात. शेवटच्या अक्षरावरचा जोर ग्रीकच. स्पानो म्हणजे दाढी न फुटलेला, स्ग्रो कुरळ्या केसांचा. आता विचार करा, कालाब्रियातल्या बाईचं आडनावही स्पानोच. जन्मभर ती ‘बिनदाढीचा’!

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मुख्य मुद्दा भराभर सांगतो. ग्रीसमध्ये बाईचं आडनाव षष्ठीत जातं: पापादोपुलोसची ती पापादोपुलू. 1983 च्या कायद्याने लग्नानंतर माहेरचं आडनाव कायम राहू लागलं, पण ती षष्ठी राहिलीच, फक्त नवऱ्याऐवजी वडिलांची. दक्षिण इटलीत बायझंटाइन, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या पूर्व रोमन साम्राज्याची सत्ता 1071 मध्ये बारी शहर पडल्यावर संपली, तरी ग्रीक भाषा कालाब्रियातल्या बोवाच्या डोंगरात आणि इटलीच्या टाचेवरच्या सालेंतोच्या गावांत टिकली, आणि ‘एना’, ‘इस्सा’ शेजारच्या बोलींतही मुरले. मग 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने प्रत्येक चर्चला लग्नाची नोंदवही सक्तीची केली. वहीत कुटुंबाचं एकच आडनाव चढलं, पुरुषाचं. बाईचं रूप राहिलं ते फक्त बोलण्यात: वहीतली ‘रूसो’ गल्लीत ‘ला रूसा’ होते.

म्हणून माझं म्हणणं असं, की बाईच्या आडनावाचा इतिहास नोंदवह्यांत शोधू नका. बोवात, शेजारच्या गाल्लिचानो गावात म्हाताऱ्या बायका एकमेकींना काय हाक मारतात ते आधी टिपून घ्या. ग्रीक बोलणारी माणसं तिथे आता फार थोडी उरली आहेत, आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही.