छपराखालचा हिवाळा

(दृश्य : सोलापूर, डिसेंबर, सकाळचे साडेदहा. यंत्रमागाचं शेड. डोळ्यांच्या उंचीवर उभा धरलेला फोन, त्यात लक्स, म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप, मोजणारं अ‍ॅप.)

ट्यूबलाइटखाली आकडा साधारण १०० ते ३०० लक्स भरतो. दाराबाहेर उन्हात तो ५०,०००च्या आसपास जातो. डोळा दोन्हीकडे जुळवून घेतो, त्यामुळे एवढी तफावत आपल्या लक्षातच येत नाही. मेंदूतल्या घड्याळाच्या मात्र येते.

डोळ्याच्या पडद्यात मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या थोड्या पेशी असतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाने त्या सर्वाधिक चेततात आणि उजाडल्याची वर्दी मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या सुमारे २०,००० चेतापेशींच्या पुंजक्याला, म्हणजेच या घड्याळाला देतात. मग मेंदूतल्या पीनियल ग्रंथीतलं मेलॅटोनिन हे रात्रीचं संप्रेरक ओसरतं. जिथे हिवाळ्यात फार उशिरा उजाडतं, तिथे काहींचं हे घड्याळ मागे पडतं. माणूस उठून कामाला लागतो, पण शरीराची रात्र सरलेली नसते. झोप वाढते, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, वजन चढतं, कशात मन लागत नाही. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी या हिवाळी नैराश्याचं सविस्तर वर्णन केलं.

ओस्लोत डिसेंबरचा दिवस जेमतेम ६ तासांचा असतो, सोलापुरात ११ तासांचा. आपल्याकडे उजेड आभाळात कमी नाही, छपराखाली कमी आहे. त्यामुळे या नैराश्यावर उपचार म्हणून वापरतात तो प्रखर दिवा इथे विकत घेण्याची गरज सहसा नसते. उठल्यावर तासाभरात गच्चीवर किंवा अंगणात अर्धा तास बसा. गॉगल नको, आणि सूर्याकडे थेट अजिबात बघू नका. चहा, पेपर, शेंगा सोलणं, सगळं चालेल.

ओस्लोसारख्या ठिकाणी राहणाऱ्या लेकीला मात्र दिवा लागू शकतो : १०,००० लक्स, सकाळी ३० मिनिटं. चूक होते ती अंतरात. खोक्यावरचा आकडा ठरावीक अंतरापुरता असतो, अनेकदा ३० सेंटिमीटर. दिवा टेबलाच्या पलीकडे सरकवला की उजेड झपाट्याने घटतो. संध्याकाळी लावला तर झोप लागायला आणखी उशीर होतो.

रात्रपाळीवाल्यांचं गणित उलटं. घरी जाताना सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की दिवसाची झोप बिघडते. त्यांनी गॉगल लावावा, खोलीत अंधार करावा आणि उजेड झोपून उठल्यावर घ्यावा.

उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात तीव्र प्रकाशाने उन्माद उसळू शकतो. डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल किंवा प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर ऋतूला दोष देत थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.